वत्सला वाघिणीची सवाष्ण

एका जंगलात, मुलांनो, वत्सला नावाची वाघीण राहत होती. मोठी देवभोळी. एकदा तिच्या पिल्लाचा पाय फासात अडकला. सुटला, पण असा सुजला की जमिनीला टेकेना. तेव्हा वत्सला देवीपुढे बसली.

"आई, माझ्या लेकराचा पाय टेकू दे. उद्यापन होईपर्यंत मी मांसाला तोंड लावणार नाही. आणि उद्यापनाला सवाष्ण जेवू घालीन."

देवीला कौतुक वाटलं. वाघिणीने रताळी खाऊन राहायचं म्हणजे काय थट्टा आहे? पिल्लाचा पाय टेकला. पिल्लू चालू लागलं. आता राहिलं फक्त उद्यापन, आणि तिथेच घोडं अडलं.

सवाष्ण मिळेना!

"शुक्रवारी आमच्याकडे जेवायला या हं," असं वत्सला गोड आवाजात म्हणे, आणि समोरचं दार आतून बंद होई. नीलगाईला एकाएकी माहेरी जायचं निघालं. रानडुकरिणीला पित्त झालं. सशिणीने तर बिळातूनच विचारलं, "वाढणार काय ते आधी सांगा. आणि कोणाला?"

उद्यापन राहिलं तर पाय पुन्हा सुजेल, या धास्तीने वत्सलाचा जीव अर्धा झाला.

शेजारच्या झाडावर काशी साळुंकी राहायची. ती म्हणाली, "अगं वत्सले, तुझ्या अंगणात हाडं पडलीत. घरी कोण येईल? बाहेर जेवायला ने. हल्ली सगळे तेच करतात. नाल्याकाठी दामू सशाने हॉटेल काढलंय बघ."

"बाहेरचं उद्यापनाला चालतं का ग?"

"कांदा-लसूण नको म्हणून सांगायचं. चालतं."

वत्सला नाल्याकाठी गेली. पाटी पोपटाने रंगवली होती, आणि वत्सलाचं वाचन जेमतेम. तिने एकेक अक्षर जुळवलं. व... ग... न... ‘वाघीण बर्गर’! माझ्याच नावाचं हॉटेल! तिने तिथल्या तिथे पंजे जोडले. हा देवीचाच कौल.

दामू ससा दाराच्या फटीतून म्हणाला, "वेगन, ताई, वेगन! म्हणजे मांस नाही, अंडं नाही. दूध, तूप, मधसुद्धा नाही."

"अगंबाई! एवढं कडक व्रत? कोणासाठी धरलंस रे बाबा?"

"गिऱ्हाइकांसाठी," दामू म्हणाला.

मांस नाही हे ऐकून शेवंता हरिणी यायला तयार झाली. "पण दाराजवळची खुर्ची धर," तिच्या नवऱ्याने बजावलं.

शुक्रवार उजाडला. वत्सलाने सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. सवाष्ण जेवून ‘तृप्त झाले’ म्हणाली की मगच आपण घास घ्यायचा, असा नेम. तिने शेवंताला कुंकू लावलं. पंजा कपाळाशी आला तशी शेवंताने डोळे गच्च मिटले. पण बोट टेकलं ते अगदी फुलासारखं.

बर्गर आले. गरम, गुबगुबीत. दामूची छाती फुगली.

"खाऊन तर बघा, वहिनी! नुसत्या मटारातून चव काढलीय. अगदी हरणाच्या मांसासारखी!"

शेवंताचा घास ओठाशीच थांबला. "कोणाच्या?"

दामूने जीभ चावली. पण तोंडातून गेलेला शब्द आणि फोडणीत पडलेली मोहरी कधी परत आलीय?

"मला भूकच नाही बाई," शेवंता म्हणाली.

"असं नको ग म्हणूस," वत्सला कळवळली. "दुसरं काही मागव."

"साधं गवत असेल तर..."

"गवत?" दामू दुखावला. "वहिनी, हे हॉटेल आहे! गवत आम्ही बशीच्या कडेला शोभेला लावतो."

शेवंताने शोभेची काडी उचलून चघळायला सुरुवात केली. इतक्यात गुरगुर ऐकू आली. वत्सलाचं पोट! उपाशी वाघिणीचं पोट कसं गुरगुरतं ते तुम्ही ऐकलं नसेल, मुलांनो. जवळून ऐकलेले सांगायला उरत नाहीत. दामू टेबलाखाली गेला.

"तृप्त झाले!" शेवंता उठून ओरडली. "झाले, झाले, अगदी तृप्त झाले! निघू मी?"

वत्सलाचे डोळे भरून आले.

"एका काडीवर कोणी तृप्त होतं का ग? भीतीने म्हणालीस तू. भीतीचं ‘तृप्त’ देवीला पोचत नाही. माझ्या लेकराचा पाय सुजेल ग पुन्हा."

शेवंता दारापर्यंत पोचली होती. पण तीही आईच. तिच्या पाडसाचे पाय तर काडीसारखे. ती वळली, आणि एक खुर्ची सोडून बसली.

"ताई, एक मागू? आधी तुम्ही जेवा."

"नेम मोडतो ग!"

"आणि सवाष्णीचा शब्द मोडला तर नाही मोडत? तुमचं पोट भरल्याशिवाय, ताई, माझ्या घशाखाली काही उतरायचं नाही. देवीशप्पथ!"

वत्सलाने मनातल्या मनात देवीला विचारलं. देवी काही बोलली नाही. म्हणजे तिची ना नसावी. मग वत्सलाने आपला बर्गर खाल्ला. शेवंताच्या बशीतला खाल्ला. दामूने टेबलाखालूनच आणखी मागवले, तेही खाल्ले.

शेवंताने धीर करून विचारलं, "खरंच हो, हरणासारखं लागतं?"

व्रताच्या दिवशी खोटं बोलायचं नसतं. वत्सलाने ओठ चाटून विचार केला.

"छे ग. मटारासारखंच लागतं. पण पोटभर खाल्लं की हरणाची आठवण येत नाही."

दामूचे कान पडले. शेवंताचे उभे राहिले.

आणि वत्सलाला ढेकर आला. मोठा, लांब, निवांत. तो ऐकला मात्र, शेवंताची भूक खडबडून जागी झाली. तिने सगळ्या बशांवरची शोभा खाल्ली. दारापुढची हिरवळ खाल्ली. कुंडीतली तुळस तेवढी सोडली, कारण ती संस्कारी होती.

"ताई," ती तोंड पुसत म्हणाली, "तृप्त झाले." या वेळी तिने दाराकडे पाहिलंसुद्धा नाही.

वत्सला घरी आली तेव्हा पिल्लू अंगणात लंगडी घालत होतं. त्याच पायावर.

तात्पर्य: संयमाने देव प्रसन्न होतो, हे अगदी खरं. पण देव लांब असतो. पंगतीत शेजारी बसायचं आपल्याला असतं. तेव्हा मुलांनो, उपाशी संयमी वाघिणीपेक्षा ढेकर दिलेली वाघीण बरी.