गाडीचं सुतक

विष्णुपंत हेरवाडकरांची गाडी सुतक पाळत असे. गाडी इटलीची, उघड्या टपाची, सगळ्या सांगलीत तेवढी एकच. तरी तिकडे तिच्या भाऊबंदांत कुणी गेलं की ती दहा दिवस चालू व्हायची नाही आणि तेलाचा थेंबही लावून घ्यायची नाही. सुतकात तेल लावत नाहीत, हे तिला विश्रामबागेत राहून माहीत झालेलं होतं.

गावातले मेकॅनिक बॉनेट उघडून बघायचे आणि मिटून निघून जायचे. म्हणून निवृत्त झाल्यापासून विष्णुपंत स्वतःच तिच्याखाली झोपू लागले. नवे पार्ट बंद होऊन जमाना झाला होता. मिळायचे ते तिच्याच कारखान्यातल्या, भंगारात निघालेल्या एखाद्या गाडीचे. म्हणजे पार्सल आलं की मरणाची बातमी आलीच. वॉटर पंप आला, दहा दिवस सुतक. तेवढ्यात तेलावाचून बेअरिंग गेलं. बेअरिंग मागवलं, पुन्हा दहा दिवस. तोवर क्लच धरून बसला. विष्णुपंतांची अर्धी पेन्शन आणि सगळी कंबर या भाऊबंदकीत गेली.

त्यांनी फाटकगुरुजींना बोलावून आणलं. गुरुजींनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि कारखाना एक म्हणजे कूळ एक, गाडीचं काही चुकत नाही, असा निर्णय दिला. बातमी उशिरा कळली तर तीन दिवसांवर भागतं, अशी सवलत मात्र त्यांनी काढली. गाडीलाही ती मान्य होती, फक्त तिला मृत्यूची तारीख हवी होती. भंगारवाले तारीख कळवत नाहीत.

पत्नी कुमुदिनीबाईंनी या सगळ्यात कधी तोंड वाकडं केलं नाही. टप फाटला तेव्हा त्यांनीच छत्रीचं कापड आणून घरच्या मशीनवर नवा शिवला होता. त्यांचं मागणं एकच होतं. एकदा टप उघडून, पुढच्या सीटवर बसून हरिपूरच्या संगमावर जायचं. हरिपूर काही लांब नाही, पण गाडीला सवड नव्हती.

पावसाळ्यानंतर बाईंचं हृदय थकलं. अंगणाच्या फाटकापर्यंत गेल्या तरी धाप लागायची. विष्णुपंत रोज सांगायचे, झालंच आता, तेवढा पेट्रोलचा पंप आला की निघालो. जुना पंप कुरकुरत होता आणि ऐन रस्त्यात दगा द्यायला नको, म्हणून ते किल्लीला हात लावत नव्हते.

"अहो, रिक्षानं जाऊन येऊ की," बाई एकदा म्हणाल्या.

"दारात एवढी गाडी असताना रिक्षा? लोक काय म्हणतील?"

बाईला श्वास पुरत नव्हता आणि हा गृहस्थ लोकांचं बघत होता. मंगळवारी सकाळी, चहा गाळता गाळता त्या गेल्या. पंप आलेला नव्हता.

तिसऱ्या दिवशी अस्थी आणायच्या होत्या. पुतण्या आपली गाडी घेऊन येतो म्हणत होता. विष्णुपंतांनी त्याला नको सांगितलं, शेड उघडली आणि किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात, न खोकता चालू झालं.

"तुला सुतक नाही?" त्यांनी विचारलं.

"कुमुदवहिनी आमच्या कारखान्यातल्या नव्हत्या," गाडी म्हणाली. "आम्हाला लागत नाही."

"मग सोमवारी का नाही चालू झालीस?"

"सोमवारी आम्ही मोकळ्याच होतो. तुम्ही किल्ली लावली नाहीत."

विष्णुपंतांनी टप उघडला. स्मशानातून अस्थी घेतल्या, मडकं पांढऱ्या फडक्यात बांधून पुढच्या सीटवर ठेवलं आणि हरिपूरचा रस्ता धरला. गाडी झकास चालली होती. जुना पंप एकदाही कुरकुरला नाही. त्याचाच त्यांना जास्त राग येत होता.

चिंचांची झाडं लागली तिथे मागून मोटरसायकलवर कुरिअरवाला आला आणि त्यानं हात करून गाडी थांबवली. तो घरी जाऊन आला होता आणि शेजाऱ्यांनी त्याला इकडे पाठवलं होतं. सीटवरच्या मडक्यावरून विष्णुपंतांचं सुतक ओळखून त्यानं पार्सल हातात न देता बॉनेटवर ठेवलं आणि तो निघून गेला. पार्सलात पेट्रोलचा पंप होता.

इंजिन बंद पडलं.

"कोण गेलं?" विष्णुपंतांनी विचारलं.

"धाकटी चुलत बहीण. तारीख लिहिलेली नाही, तेव्हा दहा दिवस."

रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवरची माणसं धक्का द्यायला उठली होती, पण प्रकार लक्षात येताच ती जागच्या जागी थांबली. सुतकातल्या माणसाला शिवणार कोण आणि सुतकातल्या गाडीला तरी कोण शिवणार? संगम अजून पुढे होता. विष्णुपंत खाली उतरले.

"तुम्हालाही आहे, आम्हालाही आहे," गाडी म्हणाली. "तुम्ही ढकलायला हरकत नाही."

त्यांनी पंप मागच्या सीटवर टाकला आणि गाडीला खांदा लावला. टप उघडा होता, वारा चांगला होता आणि कुमुदिनीबाई पुढच्या सीटवर होत्या.