भूपेंद्र चौधरींचा चालता ढोल

भूपेंद्र चौधरींनी ढोल शिकायचं ठरवलं ते निव्वळ एका वाक्यामुळे. वाक्य बायकोचं होतं आणि दुसऱ्या पुरुषाबद्दल होतं, म्हणजे विचार करा!

झालं असं, की मेहरूणच्या त्यांच्या कॉलनीत गणपतीच्या आरतीनंतर भजन होतं आणि स्टेजवर ढोलकीला बसला होता शेजारचा पुना. सावद्याला केळीची बाग, पोट सुटलेलं, डोकं पार तुळतुळीत. एरवी हा माणूस शिडी मागायला आला, तर सुमनबाई आतूनच "गच्चीवर आहे, घेऊन जा" म्हणायच्या. त्या संध्याकाळी मात्र त्या टक लावून बघत होत्या. (दुकानातल्या शेवटच्या साडीकडे बघतात तशा.)

"पुनाभाऊ काय रुबाबदार दिसत होते हो!" घरी येताना त्या म्हणाल्या.

"त्याच्या शर्टाचं बटण तुटलं होतं."

"तेच तर!"

भूपेंद्रना जेवण गेलं नाही. बावीस वर्षांच्या संसारात सुमनने आपल्याकडे असं एकदाही पाहिलं नव्हतं, आणि आपले तर केसही शाबूत! डिसेंबरात पुनाच्या शेतात कॉलनीची भरीत पार्टी असते. तिथेही स्टेज असतं. त्या स्टेजवर आपण चढायचंच, असं त्यांनी ठरवून टाकलं.

गुरू मिळाले धुळ्याचे हबीब मास्तर, लग्नाच्या बँडमध्ये तीस वर्षं ढोल वाजवलेले. घरी "ऑफिसचं ट्रेनिंग आहे" असं सांगून भूपेंद्र दर रविवारी धुळ्याची एसटी धरू लागले. मास्तरांनी ढोल त्यांच्या गळ्यात अडकवला.

"चलो साब, पाय उचला. पाय चालला की हात चालतो!"

दहा रविवार गुरुशिष्य मैदानाला फेऱ्या मारत राहिले. हात खरंच बसला. फक्त एक गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नाही. मास्तर जन्मभर वरातीत वाजवत आलेले. जागेवर उभं राहून वाजवायचा त्यांनी धडाच दिला नव्हता.

पार्टीच्या दिवशी दुपारी शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती. स्टेज म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली, वर सतरंजी आणि चढायला विटांच्या पायऱ्या. नवा कुडता घालून, मिशी रंगवून, केस पुढून नीट वळवून भूपेंद्र ढोलासकट वर चढले. पहिल्या रांगेत सुमनबाई.

"अहो, हाई काय शे?" साक्रीच्या माहेरची बोली त्यांच्या तोंडून आपसूक निघाली.

भूपेंद्रनी काठी उचलली. हात हलेना. शेवटी घाबरून त्यांनी एक पाऊल टाकलं आणि ढोल असा घुमला की बांधावरची कुत्री उठून बसली! सुमनबाईंचे डोळे मोठे झाले. तीच नजर! शेवटच्या साडीची! भूपेंद्रना जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

पण पाच पावलांत ट्रॉली संपली. पाय थांबले तर ढोल थांबणार, आणि ढोल थांबला तर नजर जाणार. एवढ्या कष्टांनी मिळालेली नजर कोण सोडतो? भूपेंद्र वाजवत वाजवत विटांवरून खाली उतरले आणि चालू लागले.

"वरात निंघाली रे बाप्पा! चाला, चाला!" पुना ओरडला.

मग काय, अख्खी कॉलनी मागे नाचत निघाली. केळीचा बांध झाला, गाडीवाट झाली, डांबरी रस्ता आला. भूपेंद्रना मागे वळून बघायची सोय नव्हती. पण सुमन आपल्याकडेच बघते आहे या खात्रीवर ते सावद्याच्या वेशीपर्यंत गेले. तिथे म्हशी आडव्या आल्या म्हणून एकदाचे थांबले.

परत येईस्तोवर वांग्यांचा कोळसा झाला होता. सुमनबाईंचे गाल मात्र लाल झाले होते. त्या अगदी पंचविशीतल्या दिसत होत्या.

"मग, कसं वाटलं?" मिशीवरून बोट फिरवत भूपेंद्रनी विचारलं.

"लई मजा आली! आणि पुनाभाऊ काय नाचले हो!"

"आणि मी?"

"तुम्ही सगळ्यांच्या पुढे. मला सारा वेळ तुमची पाठच दिसत होती." सुमनबाई जवळ आल्या आणि त्यांनी मोठ्या मायेने नवऱ्याच्या डोक्यावर मागून हात ठेवला. "अहो, तुम्हाला इथे चांगलं बशीएवढं टक्कल पडलंय. आजच दिसलं."

"पुनाला तर अख्खं आहे!"

"त्यांना शोभतं हो ते."