भिंगाच्या चार हजार पिढ्या खपल्या, त्या मोहिमेची हकीकत

काचकारखान्यात जे जाहले ते यथातथ्य लिहिले असे. अतिशयोक्ती आढळेल ती मालकांच्या भाषणांतून जशीच्या तशी उतरविली, आमची नव्हे.

शस्त्रक्रियेच्या दुर्बिणीस तांदळाएवढे भिंग आठ दिवसांत देऊ, ऐसा शब्द मालक, सकलविद्याविशारद साहेब बहादुर, यांणी गिऱ्हाइकास दिधला, आणि कोणासही न पुसता दिधला. मग दरबार भरवून फर्मान काढिले की, गणिताच्या बाईंनी संगणकावर भिंग उपजवावे, आणि फत्ते होताच घासकामाचे उस्ताद, वय वर्षे एकसष्ट, यांसी घरी बसवावे. उस्ताद हे बाईंचे सासरे. साहेबांस ठाऊक होते. अडचण वाटली नाही.

मग बाईंनी नुसत्या आकड्यांची हजार भिंगे पैदा केली, आणि ज्याची प्रतिमा अंधुक त्याची कत्तल केली, आणि उरलेल्यांची लग्ने लाविली, आणि संततीत किंचित खोड घालून ती पुन्हा रणात सोडिली. ऐशा चार हजार पिढ्या खपल्या. साहेब दर पिढीस शाबासकी देत. समजत काही नव्हते, तरी कसूर केली नाही.

पाचवे दिवशी सुईच्या अग्रासारखी प्रतिमा देणारे भिंग निपजले. साहेबांनी तत्काळ उस्तादांचे निरोपाचे पत्र टंकविले, आणि भिंग घासावयास त्याचा नकाशा उस्तादांकडेच धाडिला, कारण संगणकास हात नाहीत ही बाब दरबारात निघालीच नव्हती.

उस्तादांनी चष्मा कपाळी चढवून नकाशा सुलटा पाहिला, उलटा पाहिला, आणि म्हणाले, "सूनबाई, ह्याच्या कडेची जाडी शून्याच्याही खाली गेलीय. घासायचं राहू दे, धरायचं कुठं?"

बाईंनी सुस्पष्ट प्रतिमा मागितली होती, कडेचा उच्चार केला नव्हता. यंत्राने मागितले तेवढेच दिले. साहेब वदले की म्हातारा मुद्दाम खोडा घालतो. मग बाई सासऱ्यांच्या टेबलापाशी गेल्या आणि हळू म्हणाल्या, "बाबा, किती पातळ कड तुमच्या हातात टिकते? सांगितलंत तर भिंग होईल. मग तुमचं पत्र निघेल."

"शून्य पॉइंट चार मिलिमीटर. त्याखाली टवका उडतो. लिही."

लिहिले, आणि आठवे दिवशी भिंग सिद्ध जाहले, उस्तादांनी घासिले, गिऱ्हाइकाने पसंत केले. साहेब पत्र घेऊन आले, तो बाईंनी अदबीने अर्ज केला की, काचेगणिक कड निराळी. सबब यंत्र आता दर मोहिमेत शंभरावे पिढीस थांबते, आणि उस्तादांनी स्वहस्ते आकडा घातल्यावाचून पुढे सरकत नाही. साहेबांनी या आधुनिक व्यवस्थेची वाखाणणी केली आणि पत्र खिशात घातले.

येणेंप्रमाणे संगणकाची फत्ते दप्तरी नमूद जाहली. उस्ताद जेवावयास गेले की उत्क्रांती थांबते.