पाण्याची दुसरी बाजू

ड्राय फोर्क कम्युनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात, दुसऱ्या मजल्यावरच्या नळाला तपकिरी पाणी येत होतं. येसेनिया बारागानने त्याची बातमी केली. बदामाच्या कारखान्यात पहाटेची पाळी करून पत्रकारिता शिकणारी ही एकतीस वर्षांची बाई. कॉलेजच्या साप्ताहिकात एक बातमी छापून आली तरच तिचा विषय सुटणार होता, आणि विषय सुटला तरच राज्य विद्यापीठात प्रवेश. तिने पाणी प्रयोगशाळेतून तपासून आणलं. त्यात मेंदूला घातक असं शिसं निघालं.

तिला पत्रकारिता शिकवणाऱ्या प्राध्यापक पेटिग्रूंनी बातमी वाचून चष्मा काढला. "झकास लिहिलंयस. पण दुसरी बाजू कुठाय?"

"शिशाला दुसरी बाजू असते, सर?"

"सगळ्याला असते. समतोलाला चाळीस गुण आहेत."

येसेनिया जनसंपर्क कार्यालयात गेली. तिथल्या हॉलोवेबाई गोड हसल्या. "कॉलेजला विद्यार्थ्यांच्या तहानेची मनापासून काळजी आहे. एवढंच लिही."

"आणि शिसं?"

"त्यावर आम्ही बोलत नाही गं. बोललो तर ते आहे असं होईल ना!"

पेटिग्रूंना हे पुरेना. पाण्याच्या बाजूने बोलणारं जितंजागतं माणूस हवं, असा नियम निघाला. येसेनिया तीन दिवस नळापाशी ताटकळली. शेवटी वेंडेल सापडले. निवृत्त गृहस्थ, कुंभारकामाच्या वर्गाला येणारे.

"चार वर्षं हेच पितोय मी. काय धाड भरलीय मला?" वेंडेल गरजले, आणि त्यांनी तिला तिसऱ्यांदा तिचं नाव विचारलं.

मग समतोल सुरू झाला. प्रयोगशाळेला शंभर शब्द, वेंडेलना शंभर. 'शिसं' हा शब्द एकांगी ठरला; त्याजागी 'काहींना जाणवलेली चव' आली. मथळा झाला, 'पाण्याबाबत मतमतांतरे'. येसेनियाला स्वतःची लाज वाटली. पण विद्यापीठाची मुदत शुक्रवारी दुपारी संपत होती. तिने बातमी पाठवली.

समतोलाला चाळीसपैकी चाळीस गुण पडले. प्रवेशही मिळाला.

बातमीखाली वाचकांचा कौल होता: पाणी तपकिरी आहे का? एकाहत्तर टक्के वाचकांनी 'सांगता येत नाही' निवडलं, त्यातल्या बऱ्याच जणांनी नळापाशी बाटली भरता भरता. कौल अजून खुला आहे. तुम्हाला तर सगळं ठाऊक आहे, सरळ 'होय' म्हणून टाका. पण तुम्हीही समंजस वाचक. वेंडेलचं म्हणणं आधी पुन्हा एकदा वाचून बघालच.