लादीतला डबा

कंपनीच्या बसमध्ये चढले की सोनटक्के आधी खिडकीच्या काचेवर टिचकी मारतात, कान लावतात आणि मगच बसतात. कलिंगड वाजवून घेणारे पुष्कळ असतात. सोनटक्के नारळ, कपाट, बसथांब्याचा खांब, सोसायटीचं नवं प्लास्टर असं सगळंच वाजवून बघतात. एकदा त्यांनी माझं हेल्मेट वाजवलं, तेव्हा ते माझ्या डोक्यावर होतं. "भरीव हाय," म्हणाले. मी ते कौतुकच धरून चाललोय.

आमचा कारखाना चाकणला. गाड्यांचे लोखंडी भाग बनतात. मी स्टोअरमध्ये आणि सोनटक्के तपासणीत. भागावर ग्रीस चोळायचं, यंत्राचा प्रोब टेकवायचा. आवाज आत जातो आणि आत कुठे चीर असली तर तिथूनच परत फिरतो. पडद्यावर रेघ उठते. उभी हयात त्यांनी ही रेघ बघण्यात घालवली. संशय आला तरी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तपासल्याशिवाय ते रिजेक्टचा लाल पट्टा ओढत नाहीत. बाहेर ट्रक ताटकळतो, डिस्पॅचवाले डोकं धरतात. "आत काय हाय ते वरून कळत नसतंय," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

अशा माणसाच्या कानावर गुरूच्या चंद्राची गोष्ट पडायला नको होती. पण पडली. युरोपा नावाचा तो चंद्र अख्खा बर्फानं मढवलेला आहे, बर्फाखाली समुद्र असावा म्हणतात आणि तिकडे निघालेल्या यानात बर्फाच्या आत बघणारं रडार आहे. झालं! चिखली ते चाकण आम्हाला रोज युरोपा.

"रेडिओची लहर सोडायची बर्फावर. थोडी वरूनच माघारी येती, थोडी आत जाती. खाली पाणी लागलं की तिथून येती. किती उशीर लागला त्यावरून खोली काढायची. आमचंच काम की हे! फक्त ग्रीस लागत नाही." मग विचारायचे, "आता सांगा, उत्तर नाहीच आलं तर?" आणि उत्तराची वाट बघत गप्प बसायचे. दोन सिग्नल जायचे, तरी गप्प. मी घड्याळ बघायचो. शेवटी तेच म्हणायचे, "तर परत विचारायचं."

हसायचो आम्ही. पण मी त्यांच्याच इमारतीत राहतो, त्यामुळे जरा कमी हसायचो. मागच्या दिवाळीत त्यांच्या बायकोला, सुमनवहिनींना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे उघडे, पण कुणाकडे बघायच्या नाहीत. दिवसा सांभाळायला बाई यायची. शिफ्ट सुटली की सोनटक्के. बंगळूरला असलेल्या मुलानं, विवेकनं, वाकडचं एक रुग्ण सांभाळणारं केंद्र बघून ठेवलं होतं. "बाबा, आईला आता काही कळत नाही," तो फोनवर सांगायचा. वाईट मुलगा नाही तो, थकलेला होता. आणि सोनटक्के म्हणायचे, "तपासणी पुरी झाली नाही अजून." वहिनींना तिकडे ठेवायचं का, हे ठरवायला तो एप्रिलमधल्या एका रविवारी येणार होता.

नेमक्या त्याच रविवारी सोनटक्क्यांनी पार्किंगमध्ये बर्फाची लादी आणवली.

बर्फाच्या कारखान्यात ओळख काढून त्यांनी लादीच्या आत एक स्टीलचा डबा गोठवून घेतला होता. आता यंत्रानं तो बाहेरून शोधून दाखवायचा! यंत्र कुणाकडून तरी मागून आणलेलं. सगळी सोसायटी जमली. वहिनींनाही चाकाच्या खुर्चीत खाली आणलं होतं. विवेक बॅग खांद्यावरून न उतरवताच खुर्चीमागे उभा होता.

सोनटक्क्यांनी प्रोब टेकवला. पडद्यावर नुसतं बारीक रेघांचं गवत उगवलं. इकडून टेकवला, तिकडून टेकवला. बर्फात बुडबुडे फार, आवाज आतल्या आत भरकटत होता.

"भाऊ, डबा टाकायला विसरला असाल!" कुणीतरी ओरडलं.

"डबा हाय. मी माझ्या हातानं दिलाय."

"बाबा, पुरे ना," विवेक हळूच म्हणाला. "काही नाहीये त्यात."

सोनटक्क्यांनी त्याच्याकडे बघितलं. "उत्तर आलं नाही म्हणून आत कुणी नाही, असं नसतंय रे," ते म्हणाले. आणि परत प्रोब टेकवला.

माणसं पांगली. आम्ही तिघं-चौघं उगाच थांबलो; वहिनींची खुर्ची विवेकनं सावलीत घेतली. ऊन चढलं, पाणी गटाराकडे वाहायला लागलं आणि बाराच्या सुमारास लादी कडकन तडकली. तडकलेल्या कडेतून डबा बाहेर आला. झाकणाला चांगलाच पोचा पडला होता आणि त्यावर कोरलेलं नाव उन्हात चमकत होतं: चि. सौ. कां. सुमन हिस आईकडून.

वहिनींच्या घशातून आवाज निघाला. शब्द नव्हता, पण तो सूर कुठल्याही नवऱ्याला ओळखू यावा असा होता. डावा हात उचलला गेला. बोट आधी डब्याकडे, मग सोनटक्क्यांवर रोखलं. माहेरचं भांडं, न विचारता!

"रागावली!" सोनटक्के लादीच्या पाण्यातच मटकन बसले. "विवेक, तुझी आई रागावली रे माझ्यावर!"

विवेकची बॅग खाली पडली. आईचं ते बोट दोन्ही हातांत धरून तो तसाच उभा राहिला. वाकडचं नाव त्यानं त्या दिवशी काढलं नाही आणि नंतरही नाही.

सकाळी लादीसाठी दिलेली माझी बादली आणायला संध्याकाळी त्यांच्याकडे वर गेलो. डबा घासून-पुसून वहिनींसमोर ठेवला होता. सोनटक्के स्टुलावर बसले होते.

"पोचा काढून आणतो उद्या. अजून राग हाय का?" त्यांनी विचारलं आणि थांबले.

मीही दारात थांबलो. या वेळी घड्याळ बघितलं नाही. बऱ्याच वेळानं वहिनींनी मान हलवली आणि सावकाश, ठरवून, तोंड भिंतीकडे फिरवलं.

सोनटक्के माझ्याकडे वळले. डोळे भरून आले होते आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"लई राग हाय अजून," ते म्हणाले.