भानुदास सरांना चूक हवी

गेल्या वर्षी शिक्षण परिषदेत, म्हणजे आमच्या केंद्रातल्या मास्तरांच्या महिन्याच्या बैठकीत, भानुदास सरांना शाल-नारळ द्यायचं ठरलं. पाहुणे शाल घेऊन पुढं झाले, तर सर म्हणाले, "आधी माझी एक चूक सांगा." पाहुणे घामाघूम! त्यांनी सरांचा तास कधी बघितलाच नव्हता. "मग शाल कशापायी?" म्हणत सर जागेवर जाऊन बसले. नारळ आम्ही फोडून खाल्ला.

लोहाऱ्याजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत ते शिकवतात. प्रशिक्षणाला गेलो की आम्ही सह्या करून जेवणाची वाट बघतो; हे तिथलं ऐकून दुसऱ्या दिवशी वर्गात करून बघतात. पुन्हा पुन्हा वाचून पोर शिकत नाही, पुस्तक मिटून आठवलं की शिकतं, हे त्यांनी एकदा ऐकलं. झालं! प्रार्थना संपली की पुस्तकं मिटायची अन् कालचं आठवून वहीत लिहायचं. आठवड्यानं पुन्हा तेच, महिन्यानं पुन्हा तेच. पोरं तरबेज झाली, पण सरांचं समाधान होईना. भेटेल त्याला एकच आर्जव, "मागं बसून माझा तास बघा अन् चूक सांगा. आपली आपल्याला दिसत न्हाय वो."

लोक जायचे, चहा प्यायचे, "लई भारी, सर!" म्हणून निघायचे. कौतुक ऐकलं की सरांचा चेहरा पडायचा. हळूहळू लोक त्यांना टाळू लागले. मीही टाळलं, खोटं कशाला बोलू? स्टँडवर ते दिसले की मी पेपरात तोंड खुपसायचो.

परवा मात्र सापडलो. गेलो, मागं बसलो. अपूर्णांक चालले होते. सरांनी एका पोरीला विचारलं, "पाव मोठा की एक तृतीयांश?" पोरगी आढ्याकडं बघत ओठ हलवत होती. तेवढ्यात सरांनीच उत्तर सांगून टाकलं.

शाळा सुटली तोवर लोहाऱ्याला जाणारी शेवटची जीप निघून गेली होती, म्हणून सरांच्या मोटारसायकलवर मागं बसलो. वाटेत भीतभीतच म्हणालो, "सर, ती पोरगी विचार करत होती. तुम्ही थांबलाच न्हाईत."

सरांनी गाडी थांबवली. मला वाटलं, आता उतरवतात.

"व्हय की," ते म्हणाले. "व्हय की वो!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

सरांच्या मॅडम, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्याच शाळेत शेजारच्या वर्गात शिकवायच्या. तीन वर्षांपूर्वी त्या वारल्या, तेव्हा मी मातीलाही गेलो होतो. ठाऊक नव्हतं ते सरांनी आता सांगितलं. भिंतीपलीकडून मॅडम सगळं ऐकायच्या, अन् शाळा सुटली की याच गाडीवर मागं बसून, लोहारा येईस्तोवर, सरांच्या चुका सांगायच्या. रोज.

"लई भांडायचो आमी," सर म्हणाले. "आता मागून कुणी बोलत न्हाय. घरी जाऊच वाटत न्हाय."

पेपरात तोंड खुपसल्याची मनापासून लाज वाटली. गाडी पुन्हा निघाली, अगदी सावकाश.

"बोला की अजून," सर म्हणाले. "लोहारा लांब हाय."

माझ्याकडं चूक तेवढी एकच होती. तरी म्हणालो, "फळ्यावर अक्षर बारीक काढता." मग म्हणालो, मागच्या पोरांकडं बघतच नाही. मग म्हणालो, आवाज चढतो. सुचेल ते सांगत गेलो.

"ही खोटी हाय," सर म्हणाले. "असू द्या. बोला."