तीन गोल आणि वीस लिटर दूध

मला लिहायला लावू नका, असं मी स्वप्नालीला तीनदा सांगितलं. मंडळाला पंचवीस वर्षं झाली, स्मरणिका काढायची आहे, तर काढा की. डॉक्टर आहेत, इंजिनियर आहेत, त्यांना धरा. मी चौथी नापास. पण ही पोरगी संपादक झाल्यापासून रोज फोन करते. "काका, तुमची ती कोजागिरीची आठवण द्या ना, प्लीज!" ती आठवण काय आहे हे तिला ठाऊक नाही, म्हणून मागते. आता देतो. वाचून कुणाच्या पोटात ढवळलं तर तिला फोन करा. मी उचलणार नाही.

दोन हजार आठ साल. पौर्णिमा मंगळवारी होती, पण आपल्या मंडळात चंद्रानं लाँग वीकेंड बघून उगवायचं असतं. म्हणून कोजागिरी रविवारी.

त्याच्या आदल्या वर्षी मीटिंगमध्ये आमच्या हिनं, म्हणजे चित्रानं, "पुढच्या वेळी दूध मी करीन" म्हणून हात वर केला होता. तर अध्यक्ष शरदचंद्रराव (सत्तर साली इथं व्हँकुव्हरला आले, पुण्याचे, हे विचारावं लागत नाही, ते सांगतात) हसून म्हणाले, "चहावाल्याच्या घरचं दूध? वहिनी, केशर घालायचं असतं हं त्यात, चहा पावडर नाही!" सगळी मीटिंग हसली. मीपण हसलो. घरी गेल्यावर त्याचे परिणाम मी वेगळे भोगले.

चहावाला होतो, खोटं कशाला बोलू? कोल्हापुरात फुटबॉलच्या मैदानाच्या दारात तीस वर्षं माझी गाडी होती. फुटबॉल म्हणजे जीव. पण तीस वर्षांत एक गोल डोळ्यांनी बघितला नाही. गाडीचं तोंड रस्त्याकडं, माझी पाठ मैदानाकडं. आत आरडाओरडा झाला की समजायचं, झाला गोल. मग पोरं बाहेर येऊन सांगणार आणि माझाच चहा पिता पिता मलाच चिडवणार.

तर त्या रविवारी ही सकाळपासून चुलीपाशी. पाच तास दूध ढवळलं, दंडाला बाम चोळला, परत ढवळलं. केशर, बदाम, पिस्ते. वीस लिटर दूध दोन नळाच्या थर्मासात भरलं आणि वेलदोडा-जायफळाची पुडी माझ्या खिशात घालून म्हणाली, "ही ऐनवेळी वरून टाकायची. आज शरदभाऊजींनी दोन कप मागून घेतले पाहिजेत. एवढं एकच काम नीट करा." आणि भेळेचं सामान घेऊन जयदीपबरोबर हॉलवर गेली. दुधासाठी तो दुसरी फेरी मारणार होता. जयदीप म्हणजे आमचा मुलगा, त्यानंच आम्हाला इकडं आणलं.

तासाभरानं त्याचा फोन. "बाबा, सगळे रोड ब्लॉक आहेत. पार्कात सॉकरची फायनल आहे. तुम्ही थर्मास ग्रोसरीच्या ट्रॉलीवर ठेवून चालत या ना. टेन मिनिट्स. आणि माझं सायकलचं जॅकेट घाला, पाऊस आहे."

"कसली फायनल?"

"लीगची. व्हँकुव्हरची टीम आहे. बाबा, तुम्ही सरळ या."

सरळच निघालो होतो. भडक पिवळं जॅकेट, त्यावर चंदेरी पट्टे, ट्रॉलीवर दोन स्टीलचे थर्मास, वर दोनशे कागदी कपांची चळत. मैदानाच्या मागच्या गेटाशी आलो, तर एक धिप्पाड गोरा धावतच आला. "फायनली! हॉट ड्रिंक्स?"

मला इंग्रजीत दोन उत्तरं येतात. एक 'यस' आणि एक 'सॉरी'. त्या दिवशी नको ते आधी निघालं.

(आता कुणी म्हणेल, निदान मग तरी सांगायचं. सांगणार होतो. पण आतून तोच आवाज आला, मैदानाचा. म्हटलं, पाच मिनिटं. आयुष्यात एक गोल बघायचा आणि निघायचं.)

त्यानं मला नेऊन कुठं उभं केलं असेल? प्रेक्षकांच्या जिन्याखाली, टेबलामागं, मैदानाकडं पाठ करून!

मध्यंतर चालू होतं. लोक पावसात काकडून गेलेले. तोंडाला निळा रंग फासलेला एक दांडगा समोर आला.

"व्हॉट्स धिस, मॅन?"

"मिल्क."

"हॉट मिल्क? हाऊ मच?"

भाव काय सांगणार? म्हटलं, "फ्री." (हा तिसरा शब्द. तो येत नसता तर बरं झालं असतं.)

म्हटलं, एक कप गेला तर काय बिघडतं. त्यानं घोट घेतला, डोळे मोठे केले आणि वर बघून गर्जला, "ओ माय गॉड! गाईज! इट्स फ्री!"

नंतरचं मला दोष देऊन उपयोग नाही. समोर रांग लागली की माझा हात नळावर जातो. तीस वर्षांची सवय आहे. एक भर, दे, दुसरा भर. एक म्हातारी तर पाच वेळा आली.

मागं एकदम आभाळ कोसळल्यासारखा आवाज झाला. मी गर्रकन वळलो. खेळाडू एकमेकांच्या अंगावर चढलेले. बॉल जाळ्यात, निवांत. गेला एक.

मग ठरवलं, आता वळून उभं राहायचं, कुणी मागो, न मागो. तेवढ्यात म्हातारी आली. तिचा कप भरताना मैदान चिडीचूप झालं. एवढी शांतता फक्त पाहुण्यांनी गोल केल्यावरच होते, हे मला कोल्हापुरापासून ठाऊक आहे. बरोबरी.

आता मात्र खरंच वळलो. नळ सोडला. पाच मिनिटं डोळ्यांची पापणी लवू दिली नाही. आपला खेळाडू बॉल घेऊन निघाला, लोक उभे राहिले, आणि पाठीमागून निळ्या तोंडाचा म्हणाला, "अंकल, नो मोअर मिल्क?"

नो मोअर? झाकण काढलं, डोकं आत घालून बघितलं. आणि डोकं थर्मासात असताना तिसरा गोल झाला. तो आवाज मी आतून ऐकला. फार घुमतो.

आम्ही फायनल जिंकलो. मला चौघांनी मिठ्या मारल्या. आणि हॉलवर साठ माणसं ढगांआडच्या चंद्राकडं तोंड करून बसली होती.

मैदानासमोर कॉफीचं दुकान होतं. काउंटरवर एक पंजाबी बाई. मी दोन्ही थर्मास पुढं ठेवले आणि हात जोडले. "बहनजी, कुछ भी गरम, मीठा, पीला."

"बाऊजी, फ्रेंच व्हॅनिला चलेगा? मशीन का है।"

"दौडेगा."

तिनं बिचारीनं मशीन दोनदा भरलं, पण थर्मास गळ्यापर्यंत भरून दिले. मी खिशातली पुडी वर ओतली, सगळी, आणि ट्रॉली पळवली.

"इतका उशीर?" दारातच ही.

"पाऊस," मी म्हणालो.

पहिला कप शरदचंद्ररावांना. मी खांबाआड उभा. त्यांनी वास घेतला. घोट घेतला. डोळे मिटले. म्हटलं, दीनानाथ, संपलास तू.

"वाऽऽ!" ते म्हणाले. "याला म्हणतात आटवणं! मंडळी, हे केशर काश्मीरचंच. मला फसवता यायचं नाही." आणि आणखी दोन कप घेतले. तुम्ही सगळ्यांनीच घेतले. आठवतंय ना? आठवत नसेल तर ती रात्र आठवा. एरवी दहाला जांभया देणारं आपलं मंडळ पहाटे तीनपर्यंत भेंड्या खेळत होतं. शरदचंद्ररावांचा सोमवारी फोन आला, "काय तेज होतं हो दुधात! डोळ्याला डोळा नाही." तेज नव्हे हो, कॉफी. त्या पिवळ्यात कॉफीपण असते, हे मला नंतर कळलं.

ही गोष्ट मी हिला सांगायला दोन वर्षं घेतली. एकदा देवासमोर बसून, कान धरून, सगळं सांगितलं. ही वाती वळत होती. वळतच राहिली.

"मला पहिल्या घोटातच कळलं होतं," ती म्हणाली. "पाच तास ढवळलेलं माझं दूध मला ओळखू येणार नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"शरदभाऊजी डोळे मिटून पीत होते ना. मी ते बघत होते." मग वात बाजूला ठेवून माझ्याकडं बघितलं. "ते जाऊ दे. माझं वीस लिटर दूध घालवून तुम्ही निदान एक गोल तरी बघितला का?"

मी देवाकडं बघितलं. त्यानंही मान फिरवली असावी.

तेव्हापासून दर कोजागिरीला ही दुपारी मस्त झोप काढते आणि मी पिवळं जॅकेट घालून त्या काउंटरसमोर रांगेत उभा राहतो. पंजाबी बाई लांबूनच ओरडते, "बाऊजी, दो थर्मास?"

राहता राहिलं एकच. चहावाल्याच्या घरचं दूध म्हणून आम्हाला भर मीटिंगमध्ये हिणवलं होतं. ते दूध घरचं नव्हतं, हे मी आज कबूल केलं. चहावाल्यानं आणलं होतं, हेही कबूल. पण तीन कप प्यालात. तेव्हा माफी अजून येणं आहे, आणि ती कुणाकडून, हे स्वप्नालीनं ठळक अक्षरात छापावं: शरदचंद्रराव.